खंडेनवमीनंतरचा प्रिंटर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वर्षातल्या कोणत्याही दिवसापेक्षा जास्त वाजत असे. सलग सहा वर्षे हे घडले. वेगवेगळ्या गावांतून फोन येत आणि तक्रार एकच असे: प्रिंटर पासवर्ड मागतो आहे. कारण मला सहाव्या वर्षी कळले. कळले त्या दिवशी उंद्रीच्या एका मुलीचा नर्सिंगचा प्रवेश एका कागदावर अडकला होता आणि तो कागद प्रिंटरमधून बाहेर येत नव्हता.

मी मूळचा वर्तमानपत्रातला. एका दैनिकाच्या बुलढाण्यातल्या कार्यालयात जिल्ह्याची पाने लावत होतो. तिथे संगणक आले. ते बंद पडले की सुरू कोण करणार, हे कुणी ठरवलेले नव्हते. माझे टेबल त्यांच्या सर्वांत जवळ होते. पुढे जिल्ह्यात अकरा शाखा असलेल्या एका शिक्षण संस्थेने मला संगणक सांभाळायला घेतले. पद होते सिस्टीम सहायक. कोणाचा सहायक, ते नेमणूकपत्रात लिहिलेले नव्हते. निवृत्त होईपर्यंत तेच पद राहिले.

या कामाबद्दल बाहेरच्या माणसाला फारसे माहीत नसते, म्हणून थोडे सांगतो. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकात दोन प्रकारची माणसे शिरू शकतात. एक साधा वापरकर्ता. तो दाखले काढतो, पत्रे लिहितो, हजेरी भरतो. दुसरा ॲडमिन. तो संगणकात नवी वस्तू बसवू शकतो आणि असलेली काढू शकतो. साधा वापरकर्ता म्हणजे घरातला पाहुणा. तो खुर्चीवर बसतो, पण भिंतीत खिळा ठोकत नाही. आता प्रिंटर. प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी असते. ती भाषा संगणकाला शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तो संगणकाच्या फार आत जाऊन बसतो. त्यामुळे नव्या ड्रायव्हरला आत घेताना संगणक ॲडमिनचा पासवर्ड मागतो. पासवर्ड नसेल तर प्रिंटर समोर असतो, वायर जोडलेली असते, दिवा लागलेला असतो आणि कागद निघत नाही.

सुरुवातीला आमच्याकडे प्रत्येक बाबू ॲडमिन होता. ते बंद झाले देऊळगाव राजामुळे.

तिथल्या शाखेत खरात नावाचे बाबू होते. कामाला चोख. नवा प्रिंटर आला, सोबत सीडी नव्हती, म्हणून त्यांनी इंटरनेटवर ड्रायव्हर शोधला. पहिल्या पानावर मोठे हिरवे बटन होते. ते त्यांनी दाबले. प्रिंटर त्या दिवशी चालू झाला नाही. दुसऱ्या दिवशी संगणकही चालू झाला नाही. प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण, निर्गम उतारे, शिक्षकांच्या रजा, सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या होत्या आणि पडद्यावर इंग्रजीत एक धमकी होती. गुण पुन्हा शिक्षकांच्या वह्यांमधून गोळा करावे लागले. एका शिक्षकाची वही त्यांच्या सासुरवाडीला होती.

मी चौकशीला गेलो तेव्हा खरात बाबू शांत होते.

"मी काहीच केलं नाही हो सर. एक बटन दाबलं."

"कोणतं बटन आहे ते वाचलं होतं का?"

"हिरवं होतं. लाल असतं तर मी दाबलंच नसतं."

त्यानंतर मी अकराही शाखांमध्ये फिरलो आणि सगळ्यांना साधे वापरकर्ते केले. पासवर्ड एकच ठेवला, चौदा अक्षरांचा, आणि तो फक्त माझ्याजवळ. पेनड्राइव्ह बंद केले. मोबाइलची वायर लावून इंटरनेट घेणेही बंद केले. संस्थेच्या सचिवांच्या सहीने परिपत्रक काढले, त्याचा मसुदा माझा होता. त्यातले एक वाक्य असे होते: पासवर्ड कोणत्याही परिस्थितीत दूरध्वनीवर सांगितला जाणार नाही. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटले होते.

लोकांना बरे वाटले नाही. पिंपळगाव राजाचे मुख्याध्यापक वानखडे सर यांनी ते मनाला लावून घेतले. "शाळेतल्या अकरा कुलपांच्या किल्ल्या माह्याजवळ हायेत," ते म्हणाले. "हे बारावं कुलूप कोणाचं?" त्यांच्या शाखेतल्या एका शिक्षकाला मी एकदा, अडचण पाहून, पासवर्ड सांगितला होता. पुढच्या भेटीत तो मुख्याध्यापकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकटीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेला सापडला. मी तो पासवर्ड सगळीकडे बदलला. त्याला चार दिवस लागले. वानखडे सरांचे म्हणणे असे की एकादशीच्या चौकटीत कुणी पाहत नाही.

या सहा वर्षांत फायली पुन्हा गेल्या नाहीत. कुलूप उपयोगाचे होते, आजही माझे मत तेच आहे. मात्र प्रिंटर बिघडला, बदलला, एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, की मला जावे लागे. एरवी इंटरनेटवरून माझ्या टेबलाशी बसूनच मी पासवर्ड टाकत असे. पण जिल्ह्यातले रस्ते सतत खोदले जातात आणि इंटरनेटची तार रस्त्याच्या कडेलाच असते.

दसऱ्यानंतरच्या फोनांचे कारण मी माझ्या नोंदवहीत दरवर्षी लिहीत असे: सुट्टीत आलेले अपडेट. त्या काळात अशी अपडेट येत होती, हे खरे आहे. संगणकांच्या छपाई व्यवस्थेत एक मोठे भगदाड सापडले होते आणि त्यानंतर नियम सगळीकडेच कडक झाले. त्यामुळे माझे कारण पटण्यासारखे होते. ते तपासून पाहण्याची गरज मला वाटली नाही.

आता उंद्री.

उंद्रीच्या शाखेत कार्यालय वंदनाताई इंगळे सांभाळत. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय मिळून एकच कार्यालय होते, शेजारी परीक्षा विभागाची खोली. शिपाई दगडूभाऊ. त्या दिवशी शाळा दहाला उघडली तेव्हा दारात गजानन शेळके आणि त्यांची मुलगी प्रतीक्षा उभे होते. शेळके भाजीपाला करतात, मिरची आणि कोथिंबीर जास्त. मुलगी आदल्या वर्षी आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेली. नर्सिंगच्या आधीच्या फेऱ्यांमध्ये तिचा नंबर लागला नव्हता. दसऱ्याच्या दुपारी अकोल्याच्या एका कॉलेजातून निरोप आला की शेवटच्या फेरीत तिचे नाव आहे आणि उद्या तीन वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. बाकी सगळे कागद तिच्याजवळ होते. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे टीसी म्हणतात, तो तिने काढलेला नव्हता. प्रवेशच नव्हता, म्हणून काढला नव्हता.

टीसी देणे हे दहा मिनिटांचे काम आहे. मुलीचे नाव संगणकात असते, क्रमांक छापलेला कोरा फॉर्म प्रिंटरमध्ये घालायचा, बटन दाबायचे, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. वंदनाताईंनी फॉर्म घातला, बटन दाबले. संगणक म्हणाला, हा प्रिंटर मला माहीत नाही. त्यांनी तो जोडायचा प्रयत्न केला. संगणकाने ॲडमिनचा पासवर्ड मागितला.

मी त्या वेळी पिंपळगाव राजात, वानखडे सरांच्या समोर बसलेलो होतो. तिथल्याही प्रिंटरने पासवर्ड मागितला होता. दहा पस्तीसला फोन आला.

"सर, उंद्रीहून वंदना बोलते. मशीन पासवर्ड मागून राह्यलं."

"तिथलं इंटरनेट चालू आहे का? मी इथून टाकतो."

"चार दिवस झाले बंद हाय. जेसीबीनं तार तोडली."

"प्रिंटर नवा आणला का?"

"नाई सर, तोच हाय. परवा पूजा केली, हार बी हाय त्याच्यावर अजून."

"काही बदललं का? कुणी काही केलं का?"

"कोणी काई नाई केलं. सर, पोरगी समोर बसेल हाय. तिले तीन वाजेपर्यंत अकोल्याले पोचाचं हाय."

वर्तमानपत्रात शिकवलेली एक गोष्ट अशी की माणूस उत्तरात जे जास्तीचे सांगतो, तिकडे लक्ष द्यावे. वंदनाताईंनी मला जास्तीची एक गोष्ट सांगितली होती. मी ती ऐकली आणि पुढे गेलो. माझ्या डोक्यात अपडेट होते.

फोन शेळक्यांनी घेतला.

"साहेब, शेळके बोलतो. पोरीचं नाव शेवटच्या यादीत हाय. तीननंतर खालच्या नंबरले बलावतात म्हणे. तुमी तो शब्द सांगा. आमी लगेच इसरून जाऊ."

मी म्हणालो की तो शब्द फोनवर सांगता येत नाही.

"मंग हातानं लिहून द्याले सांगा मॅडमले."

तेही शक्य नव्हते. हाताने लिहिलेली टीसी संस्थेने बंद केली होती. क्रमांक संगणकच देत असे. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्यायची, तर फाइल बाहेर काढायला पेनड्राइव्ह लागतो आणि पेनड्राइव्ह बंद होते. मोबाइलवरून इंटरनेट देता आले असते, तर मी पिंपळगावातूनच काम केले असते. तेही बंद होते. एकेक वाट विचारात घेतली आणि प्रत्येक वाटेवर माझेच कुलूप होते.

"मी निघतो," मी म्हणालो. "दीड तासात पोचतो."

वानखडे सर ऐकत होते. "देऊन द्या ना सर," ते म्हणाले. "पोरीचं काम हाय."

"नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा."

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले आणि चहा मागवला. मी तो घेतला नाही.

खामगावमार्गे उंद्रीला पोचलो तेव्हा बारा पंचवीस झाले होते. प्रतीक्षा बाकावर मांडीवर प्लॅस्टिकची फाइल घेऊन बसली होती. तिचे वडील मोटारसायकल शाळेच्या दाराकडे तोंड करून लावून आले होते. मुख्याध्यापक पेनाचे टोपण काढून बसले होते; वंदनाताईंच्या सांगण्याप्रमाणे ते साडेदहापासून तसेच होते. दगडूभाऊंनी मला आपट्याचे पान दिले. "सोनं घ्या सर. काल भेट नाई झाली."

मी पान खिशात ठेवले, खुर्चीवर बसलो आणि चौदा अक्षरे टाकली. खोलीतल्या सगळ्यांनी मान फिरवली. दगडूभाऊ तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पासवर्ड बरोबर होता. संगणकाने तो घेतला आणि विचारले, ड्रायव्हर कुठे आहे?

ड्रायव्हर माझ्या पेनड्राइव्हवर होते, माझा पेनड्राइव्ह सगळीकडे चालत असे. उंद्रीच्या कार्यालयातल्या प्रिंटरचा ड्रायव्हर लावला. संगणक म्हणाला, हा तो नव्हे. पुन्हा लावला. पुन्हा तेच. वीस मिनिटे गेली. शेळके दर पाच मिनिटांनी दारात येत, भिंतीवरचे घड्याळ पाहून परत जात. तेव्हा मी पहिल्यांदा प्रिंटरकडे पाहिले. तोपर्यंत मी पडद्याकडेच पाहत होतो.

झेंडूचा हार होता. पुढच्या बाजूला कुंकवाची पाच बोटे होती. हार बाजूला केला तर मॉडेलचा क्रमांक माझ्या नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळेना. मागच्या बाजूला मीच कधीतरी चिकटवलेली पट्टी होती. त्यावर लिहिले होते: परीक्षा विभाग.

"दगडूभाऊ, हा प्रिंटर कुठला?"

"हापिसातला."

"याच्यावर परीक्षा विभाग लिहिलंय."

दगडूभाऊंनी वाकून वाचले. "मंग दुसरा हापिसातला असंन. पूजेले दोनी एकाच टेबलावर मांडले व्हते. दोनी काळे. आज सकायी उचलून जागेवर ठिवले."

"कोणत्या जागेवर?"

"उजव्या हाताचा उजव्या खोलीत."

मी वंदनाताईंना विचारले, "मी फोनवर विचारलं होतं, काही बदललं का. तुम्ही सांगितलं नाही, प्रिंटर हलवले म्हणून."

"हलवले कुठं सर?" त्या म्हणाल्या. "पूजेले उचलले."

त्या खोटे बोलत नव्हत्या. आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शेतात नांगर, दुकानात तराजू, शाळेच्या कार्यालयात संगणक आणि प्रिंटर. पूजेसाठी सगळी यंत्रे पुसून एका टेबलावर मांडतात. पूजा झालेल्या यंत्राला दसरा संपेपर्यंत हात लावत नाहीत. मग सुट्टीनंतरच्या सकाळी शिपाई ती उचलून जागेवर ठेवतो. यात हलवाहलव होते, असे कुणालाच वाटत नाही. देव्हाऱ्यातले देव पुसून परत ठेवले तर कुणी देव हलवले असे म्हणत नाही. अकरा शाखांमध्ये अकरा दगडूभाऊ दरवर्षी हेच करत होते. दोन्ही प्रिंटर एकाच जातीचे असले तर काही कळत नसे. वेगळे असले तर संगणक अनोळखी प्रिंटर पाहून पासवर्ड मागत असे. मी तो टाकला की, इंटरनेट असेल तिथे, संगणक त्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीकडून स्वतःच आणत असे आणि मी नोंदवहीत अपडेट लिहीत असे.

दोन्ही प्रिंटर आपापल्या खोलीत नेऊन जोडायला दोन मिनिटे लागली. पासवर्ड लागला नाही. टीसी बारा पंचावन्नला निघाली. सही आणि शिक्का होऊन, शेळके बापलेक एक वाजून पाच मिनिटांनी निघाले. प्रतीक्षाने जाताना "थँक्यू सर" म्हटले.

इथे हिशेब नीट मांडतो. फोनवर मी चौदा अक्षरे सांगितली असती, तरी त्याने काही झाले नसते. त्या प्रिंटरचा ड्रायव्हरच तिथे नव्हता, म्हणून नियम मोडूनही कागद निघाला नसता. पण पूजेचा उल्लेख ऐकून "दोन्ही प्रिंटर एकत्र ठेवले होते का" एवढे विचारले असते, तर कागद पावणेअकराला निघाला असता. नियमामुळे उशीर झाला, असे पुढे बरेच जण म्हणाले. मलाही ते सोयीचे होते. उशीर झाला तो मी प्रश्न न विचारल्यामुळे.

मी उंद्रीतच थांबलो आणि दोन्ही प्रिंटरवर पुढच्या बाजूला मोठ्या पट्ट्या लावल्या. तीन चाळीसला वंदनाताईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या, "हाव, हाव" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"पंचवीस मिनिटं उशीर झाला म्हणे सर. रोडचं काम चालू होतं बाळापूरजवळ. खालच्या नंबरच्या पोरीले देली शीट."

मुख्याध्यापकांनी विचारले, "त्याईनं इनंती केली का?"

"केली म्हणते. तीनलेच यादी लागली."

दगडूभाऊ पट्टीवरून हात फिरवत उभे होते. "म्या चुकलो का सर?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

"मंग कोण चुकलं?"

वंदनाताई म्हणाल्या, "दगडूभाऊ, चहा ठेवा."

मी संस्थेला अहवाल दिला. बातमीसारखा लिहिला: कोण, कुठे, केव्हा, काय. शेवटी एक परिच्छेद माझ्या चुकीचा. सचिवांनी तो दोनदा वाचला. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि कागदावरची चूक पाहिली की त्यांचा हात लाल पेनाकडे जात असे. या वेळी गेला नाही.

"मग आता पासवर्ड सगळ्यांना द्यायचा म्हणता?"

"नाही. पासवर्ड कुणालाच द्यायचा नाही. पण प्रिंटर जोडायला तो लागणारही नाही."

"म्हणजे कुलूप काढलं."

"कुलूप आहे तिथेच आहे. फक्त आपल्याकडचे जेवढे प्रिंटर आहेत, त्यांचे ड्रायव्हर मी तपासून प्रत्येक संगणकात आधीच ठेवून देतो. आणि संगणकाला सांगून ठेवतो की साध्या वापरकर्त्याने प्रिंटर जोडला तर या ठेवणीतला ड्रायव्हर घे आणि चालू कर. इंटरनेटवरचा कुठलाही घ्यायचा नाही. प्रिंटर सोडून दुसरं काही जोडलं तर पासवर्ड माग."

"असं करता येतं?"

"येतं."

"शिपायाने कोणताही प्रिंटर कुठेही ठेवला तरी?"

"कुठेही ठेवला तरी."

ते म्हणाले, करा. अकरा शाखांतल्या सगळ्या संगणकांसमोर बसून ते करायला मला जवळपास महिना लागला. अवघड काहीच नव्हते. सहा प्रकारचे प्रिंटर, त्यांचे सहा ड्रायव्हर, दोन-तीन परवानग्या. प्रत्येक शाखेत काम झाल्यावर मी तिथल्या बाबूंना परक्या प्रिंटरची वायर स्वतःच्या हाताने लावायला सांगत असे. देऊळगाव राजाला खरात बाबूंनी वायर लावली, कोपऱ्यात छोटी चौकट आली, आणि त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"सर, काहीतरी विचारायलंय. दाबू का?"

"काय विचारतंय ते वाचा."

त्यांनी वाचले. "काहीच विचारत नाही. प्रिंटर तयार आहे म्हणतंय." थोड्या वेळाने म्हणाले, "मग मला न विचारता परवानगी कुणी दिली?"

मी सांगितले की ती आधीच देऊन ठेवली आहे. त्यांना ते फारसे आवडले नाही. सहा वर्षांत त्यांना कुलुपाची सवय झाली होती. प्रिंटर चालत नसला की पासवर्ड साहेबांजवळ आहे, हे सांगता येत असे.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी मी परिपत्रक काढले की पूजेनंतर प्रिंटर पट्टी पाहून जागेवर ठेवावेत. पूजेच्या दिवशी उंद्रीहून वंदनाताईंनी फोटो पाठवला. दोन्ही प्रिंटर शेजारी शेजारी होते, हार नवे होते आणि कुंकवाची पाच बोटे नेमकी पट्टीवर उमटवलेली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. अकरापर्यंत वाट पाहून मीच उंद्रीला लावला.

"काऊन सर, काई झालं का?" वंदनाताईंनी विचारले.

"प्रिंटर चालू आहेत का?"

"हाव. दगडूभाऊनं अदलाबदली केलीच व्हती. जोडलं, तयार हाय म्हणे, अन् निंगाले कागद. सकायपासून चार बोनाफाईड देले." मग म्हणाल्या, "शेळक्याची प्रतीक्षा आली हाय घरी, सुट्टीची. मालूम हाय का तुमाले? यंदा नंबर लागला तिचा. अमरावतीले."

मला माहीत नव्हते. आदल्या वर्षी त्या मुलीच्या घरी जाऊन सांगायचे राहून गेले होते. आधी व्यवस्था दुरुस्त करावी, ती चालते हे पाहावे, मग जावे, असे मी ठरवले होते. अपुरी बातमी देऊ नये ही सवय. तिचे एक वर्ष गेले आणि त्या वर्षात मी एकदाही तिकडे गेलो नाही, हे त्या सवयीने झाकता येत नाही.

त्याच दुपारी गेलो. शेळके अंगणात मिरच्या निवडत होते. प्रतीक्षा त्यांच्या शेजारी बसून तेच करत होती. त्यांनी पोते झटकून मला बसायला दिले. मी सगळे सांगितले: प्रिंटरची अदलाबदल, पूजा, न विचारलेला प्रश्न, दोन मिनिटांचे काम. शेळक्यांनी मध्येच हात हलवला.

"जाऊ द्या साहेब. तुमचं काई नाई. मीच खामगावले थांबलो चहा प्याले. पोरीनं सकायपासून काई खाल्लं नव्हतं म्हणून थांबलो. तो चहा नसता पेलो तं..."

"पप्पा," प्रतीक्षा म्हणाली, "चहाले दहा मिनिटं लागले. आपण पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो."

शेळके मिरच्यांकडे पाहू लागले. गेले वर्षभर ते तो चहा मनात घेऊन होते, असे दिसले.

"आता कसं करता, सर?" तिने मला विचारले. "पासवर्ड सांगता का मॅडमले?"

मी तिला नवी व्यवस्था सांगितली. आधीच ठेवलेले ड्रायव्हर, दिलेली परवानगी. ती लक्ष देऊन ऐकत होती. मिरच्या निवडणे थांबले नव्हते.

"हे नवीन निंगालं का?"

"नाही," मी म्हणालो. "ही सोय तेव्हाही होती. मी शोधली नव्हती."

शेळक्यांनी पुन्हा "जाऊ द्या" म्हणायला हात उचलला. मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि ते थांबले.